जिभेवरची माती

चाचींनी त्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं होतं. दोन्ही डबे सारखेच, स्टीलचे, आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी पहिला घोट घेतला आणि तो तसाच बशीत परत सोडला. समोर चाचा बसले होते. त्यांनी फुर्र फुर्र करून अख्खा कप संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "चहा प्यावा तर हमारेच घर का, टीचर."

आधी वाटलं, थट्टा करायलेत. माणूस तसलाच आहे. पण थट्टेसाठी कुणी कपभर मीठपाणी पीत नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांनी माझ्या हातातल्या भरल्या कपाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"क्या था उसमें?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीठ."

चाचींनी कपाळावर हात मारून घेतला. चाचा उठले, आत गेले आणि कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

हे चाचा म्हणजे बिदर शहरातले बिदरीचे कारागीर, सत्तरीला टेकलेले. मी बिदरजवळच्या कमठाण्याची, आयुष्यभर सरकारी शाळांत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई. आमची ओळख भांडणातून झाली. वीसेक वर्षांमागं शाळेतल्या पोरांना घेऊन मी त्यांचं काम दाखवायला गेले होते. पोरांना सांगत होते, की जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर छिन्नीनं कोरतात, त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात, की झाली बिदरी. चाचांनी हातोडी खाली ठेवली आणि सगळ्या पोरांदेखत मला झापलं. "टीचर, तुम्ही तर असं सांगायलात, की भाकरी म्हणजे पीठ आणि पाणी."

राग माझ्याही नाकाच्या शेंड्यावर असतो. मी म्हटलं, "तुमच्या त्या सुरईवरची वेल चुकलीय. एवढ्या जाड देठाला इतकी बारीक पानं कुठल्या झाडाला असतात?" आणि पोरांना घेऊन तरातरा निघून आले. आठवड्यानं निरोप आला, टीचरला बोलावलंय. तेव्हापासून मी त्यांना कागदावर नक्षी काढून द्यायला लागले. पण ते मला कारीगर म्हणाले नाहीत, कधीच नाहीत. "तुम्ही कागदवाले," म्हणायचे. "खडू, कागद, रांगोळी. सकाळी काढायचं, संध्याकाळी पुसायचं. कारीगर म्हणजे त्याचं काम त्याच्यामागं राहायला पाहिजे." हसत म्हणायचे, मीही हसायचे. पण मला ते लागायचं. इतकी वर्षं फळ्यावर जे काढलं ते सगळं डस्टरखाली गेलं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

खरं म्हणजे आमच्या भागात रिकाम्या हाताचा माणूस मिळणं मुश्कील. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. कन्नड, मराठी, उर्दू, तिन्ही लिप्यांत त्याचा हात सारखाच वळायचा. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. आता तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मोर काढतो, आणि असले ऐटबाज मोर, की लोक थेट हळ्ळीखेडहून ट्रॉली घेऊन येतात. मागच्या गल्लीतली अक्का जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवते, पण टाक्यांची वाट अशी धरते की वाकळ पांघरायच्या आधी माणूस तिच्यावरून हात फिरवतो. कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, आमची कुंभारीण मातीचे बैल करते, त्यात दोन बैलांची मान सारखी वळलेली सापडायची नाही. यातलं कुणी स्वतःला कलाकार म्हणवत नाही. तसं म्हटलं तर उलट विचारतील, "कामून थट्टा करायलाव, बाई?"

माझी आईही त्यातलीच. ती मजुरीला जायची. बिदरच्या किल्ल्यात डागडुजीची कामं निघाली की कमठाण्याहून बायका जायच्या, तशी तीही जायची आणि दिवसभर डोक्यावरून माती-चुन्याच्या पाट्या वाहायची. त्याच कष्टातून तिनं चांदीचे तोडे केले होते. ते तिचे एकुलते एक दागिने. पौर्णिमेला विहारात जायच्या आधी ती घराची भिंत चुन्यानं पांढरी करायची आणि गेरूत बोट बुडवून तिच्यावर पिंपळाची पानं काढायची. पानाचं टोक दर वेळी डावीकडं वाकलेलं. मी शाळेत भूमिती शिकायला लागले तेव्हा शहाणपणानं म्हटलं, "आई, तुझं पान वाकडं आहे." ती म्हणाली, "वाकडं न्हाई गं, हलायलंय." पुढं मी स्वतः चित्रकलेची बाई झाले, हजारो पिंपळपानं फळ्यावर काढली, सगळी कशी मापात. त्यातलं एकही कधी हललं नाही.

आई गेली. पुढं घराला सिमेंटचा गिलावा झाला, त्यात भिंतीवरची पानंही गेली. तोडे तेवढे राहिले. निवृत्त झाल्यावर मी ते घेऊन चाचांकडं गेले. म्हटलं, याची तार ओढा आणि एक ताट करा, त्यावर आईची पानं बसवा. सराफाकडं तोडे गाळायला घातले तेव्हा मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले, बघवलं नाही मला. चाचांनी माझा कागद पाहिला आणि भुवया चढवल्या.

"पान तेढं है."

"तेढंच राहू द्या."

"लोग बोलेंगे, बुढ्ढे का हाथ हिल गया."

"लोकांना माझं नाव सांगा. म्हणावं, त्या बाईचं डोकं हललंय."

कुरकुरत का होईना, त्यांनी कोरलं तसंच. महिनाभर बसून एकेका पानाच्या शिरेत तार ठोकली. मग कानशीनं घासून ताट गुळगुळीत केलं. आणि इथं बिदरीची गंमत आहे. घासून झालं की जस्त आणि चांदी दोन्ही एकाच रंगाची दिसतात, पांढुरकी. नक्षी पार नाहीशी होते. आईची सगळी पानं त्या ताटात होती आणि डोळ्याला एकही दिसत नव्हतं.

ती दिसायची तर माती लागते. कुठलीही नाही, किल्ल्यातल्या जुन्या जागची, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली. ती माती आणि नवसागर पाण्यात उकळायचा, ताट गरम करून त्यावर चोळायचं. धातू काळाकुळकुळीत होतो, चांदीला काही होत नाही. पण कुठल्या कोपऱ्यातली माती चालेल आणि कुठली दगा देईल, हे डोळ्याला कळत नाही. ती जिभेवर ठेवून बघावी लागते. चाचांचे वडील तसंच करायचे, त्यांचेही वडील तसंच.

ताट घासून झालं आणि चाचांना ताप आला. दहा-बारा दिवस दवाखान्यात होते. घरी आले ते वाळून काटकी होऊन. ताट फडक्यात गुंडाळून फळीवर पडलेलं. मी दर आठवड्याला बसनं जायची आणि दर आठवड्याला नवं कारण ऐकून यायची. माती मिळंना. नवसागर हलका आलाय. आज आभाळ आहे. मी म्हटलं, वय झालं, अंगात ताकद नसेल. खरं काय ते त्या मिठाच्या चहानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी परत गेले. चाचा ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "या. आता लपवायचं काय राहिलंय?" आणि सगळं सांगितलं. तापानंतर जिभेला काहीच कळत नव्हतं. "गूळ ठेवला तरी माती, माती ठेवली तरी माती." मग पोत्याखालून दोन डब्या काढून दाखवल्या. अंदाजानं माती लावून केलेल्या. जुन्या तव्यासारख्या झाल्या होत्या, कुठं काळ्या, कुठं भुरक्या.

"ह्याच्यानंतर तुमच्या आईच्या चांदीला हात लावायची माझी हिंमत न्हाई."

मी म्हटलं, "आधी तुकड्यावर लावून बघा की. जिभेवाचून एवढं काय अडलंय?"

"तुकडा छोटा. त्याला धग सारखी लागते. तिथं चाललेली माती ताटावर फसवते." खरंखोटं त्यांनाच ठाऊक. मी पुढं म्हटलं, मग दुसऱ्या एखाद्या कारागिराला माती विचारा. तर असे भडकले! "गावभर सांगू, माझी जीभ मेली म्हणून? उद्यापासून कोण देईल काम? ताट घेऊन जा, टीचर. कुणाकडूनही काळं करून घ्या. मी औजारं बांधून ठेवलीत."

खरंच बांधून ठेवली होती. छिन्न्या, हातोडी, कानशी, सगळं एका जुन्या लुंगीत गाठ मारून कोपऱ्यात. ते गाठोडं बघून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि पाणी आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "घेऊन जा म्हणजे? ते पान कसं वाकवायचं ते तुमच्या हाताला माहीत आहे, आणि शेवटचा हात दुसऱ्याचा लागणार? ते काही नाही. जीभ तुमची गेलीय, माझी आहे ना?"

चाची आतून हसल्या. त्यांची स्वतःची जीभ जर्दापानानं कधीच कातडं झालेली, नाहीतर हे काम त्यांच्याकडंच गेलं असतं. चाचा माझ्याकडं बघत राहिले. "तुम्ही तर कागदवाले..."

"कागदवाल्यांना जीभ नसती व्हय?"

ते उठून एक तपकिरीची जुनी डबी घेऊन आले. तिच्या तळाला चांगल्या मातीची शेवटची चिमूट होती. बोटाच्या टोकावर मला दिली. "थुंकायचं न्हाई. टाळूला लावा. थांबा. काय लागलं?"

"खारट."

"खारा तो समुंदर बी हाय. पुढं?"

आयुष्यभर मी तोंडी परीक्षा घेतल्या, आणि आता या वयात ओट्यावर बसून देत होते. डोळे मिटले. आधी खारट, मग काहीच नाही, मग थोड्या वेळानं जिभेच्या कडा आत ओढल्यासारख्या, कच्च्या पेरूनं ओढतात तशा. तसं सांगितलं. चाचांनी मान डोलवली. "तेच. ते ओढणं ध्यानात ठेवा."

ते किल्ल्यातून पाच ठिकाणची माती घेऊन आले, वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून. मी त्या घरी आणल्या, सकाळी चूळ भरून एकेक चाखली आणि दुपारी जाऊन ऐटीत सांगितलं, पाचही चांगल्या आहेत. चाचांनी डोळे बारीक केले. "चूळ कुठल्या पाण्यानं भरलात?"

"आमच्या बोअरच्या."

"हाय अल्ला! बोअरचं पाणी खारं. जीभ आधीच खारी करून आलात, तिला माती काय सांगणार?"

एवढी साधी गोष्ट, आणि मी शिक्षिका! मग तीन दिवस चाचांच्या घराजवळच्या विहिरीचं गोडं पाणी कॅनमधून कमठाण्याला आलं. मी तेच प्यायले. लोणचं बंद, मिरची बंद, पापड बंद. अण्णा जेवताना म्हणाला, "लोकं पेन्शन घेऊन शिरा-पुरी खातात, आणि तू माती खाया लागलीस व्हय गं?" त्याला खरं कारण सांगितलं नव्हतं. चाचांची जीभ गेली हे मी कुणालाच सांगितलं नाही, सख्ख्या भावालाही नाही.

चौथ्या दिवशी चाचांच्या ओट्यावर पुन्हा पाच पुड्या उघडल्या. पहिली नुसती खारट. दुसरी फिकी. तिसरीनं जिभेच्या कडा हळूच ओढल्या. चौथी आणि पाचवी चाखून मी परत तिसरीवर आले.

"ही."

"पक्कं?"

खोटं बोलणं जमलं असतं तर बरं झालं असतं. "पक्कं न्हाई, चाचा. पण हीच."

त्यांनी कोपऱ्यातलं गाठोडं ओढलं आणि गाठ सोडली.

अंगणात स्टोव्हवर पातेलं ठेवलं. माती आणि नवसागर उकळायला लागला तसा नाकाला झोंबणारा वास सुटला. चाचांनी ताट धगीवर धरून गरम केलं आणि फडक्यानं तो गढूळ लगदा चोळायला लागले. ताट आधी तांबूस झालं. मग मळकट. मी मनात म्हटलं, गेलं. माझ्या जिभेनं आईची चांदी घालवली. उठून जावंसं वाटलं. चाचांचा हात मात्र थांबला नाही, गोल गोल चोळतच राहिला. आणि मग काठापासून काळं चढायला लागलं. असं काळं, की बघत राहावं. त्या काळ्यातून एक पान वर आलं. मग दुसरं. मग सगळा काठ पानांनी भरला, पांढऱ्याशुभ्र, आणि प्रत्येकाचं टोक डावीकडं हललेलं.

मी मोठ्यानं रडले. लाज वाटली नाही. जी माती आईनं पाट्यापाट्यांनी डोक्यावरून वाहिली, त्याच किल्ल्याच्या मातीनं तिची पानं परत आणून दिली होती, आणि ती माती आता माझ्या तोंडात होती. चाचींनी पाणी आणून दिलं. चाचांनी ताट धुतलं, तेलाचा हात फिरवला, उजेडाकडं तिरकं धरून डाग शोधत राहिले. एकही सापडला नाही.

"तेढं पानच बरं दिसतं," एवढंच म्हणाले. मग त्या भुरक्या दोन डब्या पुढं ओढल्या आणि त्या पुन्हा घासायला बसले.

त्यानंतर चाचा दर महिन्याला त्यांच्या मोपेडवरून कमठाण्याला यायला लागले, खिशात मातीच्या पुड्या घेऊन. मी ओसरीवर बसून चाखायची, ही चालेल, ही न्हाई, असं सांगायची. शेजारणींना वाटायचं, बाईला कुठल्या तरी हकिमाचं औषध चालू आहे. वाटू दे. चाचांचं काम पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं, आणि कुणाला काही कळलं नाही. ते ताट मी भिंतीला टांगलंय, जिथं पूर्वी आईची चुन्याची भिंत होती तिथंच.

गेल्या महिन्यातली गोष्ट. चाचा आले, ओसरीवर टेकले. मी चहा केला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर जास्ती पडली, टीचर."

मी जागच्या जागी थांबले. तेही थांबले. कप तसाच हातात, नजर कपात. अंगणात अण्णा एका ट्रॉलीवर मोराची पिसं रंगवत होता, त्याच्या ब्रशचा आवाज ऐकू येत होता. चाचांची जीभ परत आली होती. केव्हा आली असेल? मला आनंद झाला, खरंच फार झाला. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी आतून वाईटही वाटलं. आता यांना माझं काय काम? आता हे कशाला येतील इतक्या लांब?

चाचांनी कप खाली ठेवला. सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली, उलगडली आणि माझ्यापुढं सरकवली.

"बघा."

मी बोटाच्या टोकावर घेतली, टाळूला लावली, थांबले. खारट लागली. पण कडा ओढल्या नाहीत.

"ही न्हाई," मी म्हटलं.

"हौ," चाचा पुडी परत बांधत म्हणाले, "मेरे कू भी वोच लगा." आणि तो गोड चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.